दोनशेवी सही

"आधी सही, मग वाण," खालून नलूचा आवाज आला आणि बायका हसल्या.

मी तळघराच्या जिन्यावर, सगळ्यात वरच्या पायरीवर पेपर घेऊन बसलो होतो. हळदीकुंकवाला पुरुषाचं काय काम? बाहेर गुडघाभर बर्फ होता, त्यामुळे दुसरीकडे जायचीही सोय नव्हती. ही गोष्ट नव्वद सालची. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, पण रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून आम्ही सोयीचा रविवार धरला होता. आमच्या गावातल्या आणि आसपासच्या दोन गावांतल्या अठरावीस बायका जमल्या होत्या. वाण म्हणून नलूने पुण्याहून आणलेली स्टीलची चहाची गाळणी होती. प्रत्येकीला कुंकू, तिळगूळ, मग क्लिपवाल्या पाटीवर लावलेल्या एका छापील अर्जावर सही, आणि मग गाळणं, असा क्रम तिने लावून दिला होता. पेनाला दोरी बांधून ती पाटीला अडकवायलाही ती विसरली नव्हती.

"हा रसेल कोण गं?" कुणीतरी विचारलं.

"आमच्या ह्यांचा पार्टनर. वॉशिंग्टनला निघालाय, काँग्रेसमध्ये. म्हणजे इथली लोकसभाच. उभं राहायलाच आधी दोनशे सह्या लागतात."

"आणि तुमचे हे नाही का उभे राहत?"

"ह्यांना कुठे हौस आहे तसली!" नलू म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

मी पेपरचं पान उलटलं. मला हौस होती. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं, नलूनेसुद्धा.

रसेल किमेल आणि मी सतरा वर्षं भागीदार होतो. मी पुण्यात वकिलीची परीक्षा दिली, इथे येऊन तोच सगळा अभ्यास पुन्हा केला, आणि सनदेच्या परीक्षेत एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झालो. मला नोकरी द्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा रसेलने मला आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसवलं. तीन वर्षांनी दारावर माझं नाव लागलं. पटवर्धन हे नाव कुणाच्या तोंडात बसेना म्हणून त्याने माझं पॅट केलं. अर्ध्या जिल्ह्याला मी आयरिश वाटायचो, प्रत्यक्ष भेटेपर्यंत.

कामाची वाटणी सरळ होती. कागद माझे, बोलणं त्याचं. नदीत घाण पाणी सोडणाऱ्या एका कारखान्यावरचा खटला आम्ही जिंकला, त्याचं निवेदन मी अकरा महिने खपून लिहिलं होतं. रसेल कोर्टात चाळीस मिनिटं बोलला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर त्याचा फोटो आला. त्या फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर आहे, करड्या कोटातलं. ते माझं. ते कात्रण मी अजून ठेवलंय, आणि कशासाठी ठेवलंय ते सांगायला मला लाज वाटते.

त्या खटल्यानंतर लोक त्याला म्हणायला लागले, आता उभा राहा. आमच्या मतदारसंघाचा म्हातारा काँग्रेसमन निवृत्त होत होता. पक्षाचा जिल्हाध्यक्ष डॉर्सी याने आपला माणूस आधीच ठरवून ठेवला होता, तरीही रसेल उभा राहिला. एके सकाळी माझ्या टेबलावर बूड टेकून त्याने मला ही बातमी दिली. मी हात मिळवला, अभिनंदन केलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ नुसता उभा राहिलो. मला राग येत होता. तो वाईट असता तर बरं झालं असतं. तो माझ्याशी कधी वाईट वागला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

हळदीकुंकू संपता संपता रसेल स्वतः पाच मिनिटांसाठी येऊन गेला. बूट दारात काढून, मोज्यांवर खाली उतरला. नलूने त्याला तिळगूळ दिला आणि काय म्हणायचं ते शिकवलं. "गोड बोला," तो प्रत्येकीला वाकून, मोडकंतोडकं म्हणाला, आणि बायका खूश झाल्या. जाताना जिन्यावर माझ्याशेजारी थांबला.

"पॅट, तुझी सही अजून नाही."

"करतो की," मी म्हणालो. "सगळ्यात शेवटी करीन."

नंतरच्या दोन आठवड्यांत त्याने नाना ठिकाणी फिरून सह्या जमवल्या. पक्षाच्या लोकांना डॉर्सीने सही करायची नाही म्हणून बजावलं होतं, वर थंडी अशी की दार उघडायला कुणी तयार नसे. सोमवारी दुपारी चारला निवडणूक कचेरीत कागद द्यायचे होते. डॉर्सीचे दोन वकील एकेक सही भिंगातून बघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शनिवारी रसेलने सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला. "तुझ्या नजरेतून गेलं म्हणजे मला पुन्हा बघायला नको," तो म्हणाला.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावरच पेन्सिल घेऊन बसलो. काम चोख केलं. दुहेरी सह्या, मतदारसंघाबाहेरचे पत्ते, मतदार यादीत नसलेले, असे सगळे छाटले. बरोबर असलेल्या सहीपुढे छोटी खूण करत गेलो. सगळ्या कागदांवर मिळून शेवटी दोनशे सात उरल्या. लागत होत्या दोनशे.

नलूचा कागद मी सगळ्यात शेवटी घेतला होता. त्यावर अठरा सह्या होत्या. अकरावी सुलेखा कारखानीस. बारावी वसंत कारखानीस. दोन्हींचं अक्षर एकच, दोन्हींचा इंग्रजी के सारखाच डावीकडे झुकलेला. हळदीकुंकवाला वसंतराव कसे आले असतील? आणि वसंतराव तर नाताळ संपताच मिरजेला गेले होते, आईचं ऑपरेशन होतं. आम्हा सगळ्या मराठी घरांना ते माहीत होतं.

अशा अर्जाचा नियम कडक असतो. सह्या गोळा करणाऱ्याने खाली शपथेवर लिहून द्यायचं असतं की प्रत्येकाने आपली सही माझ्या डोळ्यांसमोर स्वतः केली. एक जरी सही दुसऱ्याने केलेली निघाली तरी तो अख्खा कागद बाद होतो. आणि खोटी शपथ घेतली म्हणून सह्या गोळा करणाऱ्यावर खटला भरता येतो. कागदाच्या तळाशी निळ्या शाईत होतं, नलिनी ह. पटवर्धन.

मी बाराव्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह केलं. पेन्सिल तशीच धरून बसलो. हा कागद गेला की एकशे एकोणनव्वद. आज सांगितलं तर रसेल उद्या दुपारपर्यंत अकरा सह्या आणील. त्याला कुणी नाही म्हणत नाही. आणि नाहीच सांगितलं तर डॉर्सीचे वकील आठवड्याभरात शोधून काढतील. मग मुदत संपलेली असेल. रसेल परत येईल, माझ्या समोरच्या खोलीत बसेल, आणि आम्ही दोघं पुन्हा होतो तसे होऊ.

तेवढ्यात नलू चहा घेऊन आली.

"सगळं नीट आहे ना?" तिने विचारलं. "सुलेखाने वसंतरावांची पण करून टाकली. मी म्हटलं, चालेल का? ती म्हणाली, शाळेचे, बँकेचे, सगळे कागद मीच करते, त्यांना कुठे वेळ असतो."

आमच्या बायकांना यात काही वावगं वाटत नसे. नवऱ्याच्या वतीने सही करणं म्हणजे त्याचा डबा भरण्यासारखंच एक काम होतं. ती माझ्याकडे बघत होती. रसेलसाठी काहीतरी केल्याचा आनंद तिच्या तोंडावर होता. माझ्या कुठल्या कामासाठी तिने कधी पेनाला दोरी बांधली होती?

"चालतं," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलं आणि तिथे बरोबरची खूण केली. खाली बायकोचं नाव होतं ते मला दिसलं नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. मला ते चांगलं दिसत होतं. मी स्वतःला सांगितलं की बाहेरून आलेल्या एका साध्या बाईवर कोण खटला भरणार? असं काहीतरी सांगून माणूस स्वतःची समजूत घालतो, आणि ती पटतेही.

सोमवारी दहा वाजता रसेल ऑफिसात आला. कॉफी घेऊन गठ्ठा चाळायला लागला. मी निर्धास्त होतो, कारण सतरा वर्षांत त्याने मी तपासलेला कागद पुन्हा वाचल्याचं मला आठवत नव्हतं. पण नलूचा कागद आल्यावर तो थांबला. हळदीकुंकवाला भेटलेल्या बायकांची नावं त्याला वाचायची होती. एकेक नाव उच्चारून बघत होता, हसत होता. बाराव्या नावावर त्याने कॉफी खाली ठेवली. उठून खिडकीपाशी गेला आणि त्याने कागद उजेडात धरला. बाहेर बर्फावर ऊन पडून डोळे दिपत होते.

"कारखानीस मिरजेला आहे ना?" तो म्हणाला.

"असेल."

"जायच्या आदल्या दिवशी मीच त्याचं मृत्युपत्र केलं. विमानात बसायची भीती वाटते म्हणाला."

"माझ्या लक्षात नाही आलं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "डोळे दमले असतील तुझे," तो म्हणाला.

मग त्याने कागदाची चौघडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मी म्हटलं, अठरा गेल्या की एकशे एकोणनव्वद राहतात. त्याने मान हलवली.

"ते नलूला साक्षीला उभं करतील, पॅट. तुला शपथ म्हणजे काय ते कळतं का, म्हणून विचारतील. तिच्या उच्चारांवर हसतील. हे मला नकोय. तिला सांग, खूप सह्या झाल्या, तिच्या कागदाची गरज पडली नाही."

हे बोलणं माझं असायला हवं होतं. माझ्या बायकोची काळजी करायला मला दुसरा माणूस लागला. आणि मला लाज वाटली ती नंतर. आधी वाटला तो हेवा, की हेही यालाच सुचावं.

कोरा अर्ज घेऊन, रबरी बूट चढवून तो निघाला. सोमवारी गावाबाहेर गुरांचा लिलाव भरायचा, तिथे माणसं असतील म्हणाला. दार लागलं आणि मी घड्याळ बघायला लागलो. अकरा मिळू नयेत, असं मी मनात म्हणत होतो. अगदी स्पष्ट शब्दांत म्हणत होतो. बारा वाजले. नलूने भरून दिलेला डबा मी उघडला आणि पुन्हा बंद केला. एक वाजला, दोन वाजले. नलूचा फोन आला, कागद दिले का विचारायला. मी तिला रसेलने सांगितलेलं वाक्य सांगितलं. "मग एवढा खटाटोप कशाला करायला सांगितला?" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तीन वाजून वीस मिनिटांनी रसेल आला. गुडघ्यापर्यंत भिजला होता, नाक लाल झालं होतं, अंगाला गुरांचा वास येत होता. माझ्यासमोर बसून त्याने धापा टाकल्या.

"एकशे नव्याण्णव झाल्या," तो म्हणाला. "एक कमी आहे."

मी घड्याळाकडे पाहिलं.

"तुझी," तो म्हणाला. "शेवटी करीन म्हणाला होतास ना? जागा ठेवलीय."

अर्ज ओला होता म्हणून त्याने दुमडून हातात धरला होता. वर फक्त एक रिकामी ओळ दिसत होती. त्याने माझ्यापुढे पेन ठेवलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. बोलण्यात एवढा पटाईत माणूस, पण त्या वेळी एक अक्षर बोलला नाही. निवडणूक कचेरी रस्ता ओलांडून होती. मी नुसता बसून राहिलो असतो, काहीतरी सबब सांगितली असती, तरी ते सगळं तिथेच संपलं असतं. तसं मनात आलंही. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि सांगण्यासारखं कारण माझ्यापाशी नव्हतं.

मी पेन उचललं.

"पूर्ण नाव लिही," तो म्हणाला. "पॅट नको."

मी पूर्ण नाव लिहिलं, हरिहर पटवर्धन. त्याने ते वाचलं, आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता जन्मभर मला सांगता येईल," तो म्हणाला, "की तुझ्याशिवाय हे झालं नसतं."

डॉर्सीच्या माणसांनी कागद तपासले, पण हरकत घेतली नाही. ते सगळं रसेलनेच बघितलं. त्या आठवड्यात त्याने मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खटल्यावर पाठवलं होतं. पक्षातली निवडणूक तो चारशे मतांनी जिंकला, नोव्हेंबरातली मोठी निवडणूक आरामात. एकूण सात वेळा निवडून आला, चौदा वर्षं वॉशिंग्टनला होता. दारावरचं त्याचं नाव मी काढलं नाही.

प्रत्येक प्रचारसभेत तो ती गोष्ट सांगायचा. गुरांचा लिलाव, ओले बूट, एकशे नव्याण्णव, आणि मग माझ्याकडे बोट करून, दोनशेवी सही याची. लोक टाळ्या वाजवायचे. मी खुर्चीतून अर्धा उठून हात करायचो. नलूचा कागदाचा राग केव्हाच गेला होता. पुण्याला गेलो की ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या ह्यांच्या एका सहीवर तो निवडून आला. आणि मी तिला थांबवायचो नाही. खरं सांगायचं तर त्या एका सहीवर मी दिवस काढले. पेपरात त्याचा फोटो आला, टीव्हीवर तो दिसला, की जुना हेवा वर यायचा, आणि मी स्वतःला म्हणायचो, असू दे, माझ्याशिवाय हा गुरांच्या बाजारातून ओले पाय घेऊन घरी गेला असता. मग बरं वाटायचं.

गेल्या ऑक्टोबरात रसेल गेला. महिनाभराने त्याच्या बायकोकडून, बेट्सीकडून, एक पाकीट आलं. आत चिठ्ठी होती: रसेलच्या टेबलाच्या खणात हे सापडलं, यात नलूच्या मैत्रिणींची नावं आहेत, त्यातल्या काही आता नसतील, तिला हे जवळ ठेवायला आवडेल. चौघडीवर पिवळा पडलेला तो कागद होता. मागे टाचणीने एक छोटी पावती लावलेली होती.

सकाळची वेळ होती. नलू चष्मा लावून, बोटाने एकेक नाव वाचत होती. सुलेखाच्या नावावर ती थांबली. सुलेखाला जाऊन तीन वर्षं झाली होती. मग बोट एक ओळ खाली आलं.

"इथे काहीतरी खोडलंय," ती म्हणाली. "बाकी कुठेच खोडाखोड नाही." तिने कागद वर करून खिडकीकडे धरला. "प्रश्नचिन्ह होतं."

तिने तो अगदी रसेलसारखाच धरला होता. त्या दिवशी उजेडात त्याने काय पाहिलं ते मला तेव्हा कळलं. डोळे दमलेला माणूस आधी प्रश्नचिन्ह करून मग ते पुसत नाही.

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, शपथेचं, खटल्याचं, चहा घेऊन ती आली तेव्हाचं. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली,

"म्हणजे त्याला कळलं होतं."

"हो."

"तरी दुपारी तुमच्याकडेच आला सही मागायला."

"एक कमी होती," मी म्हणालो. "माझ्याशिवाय त्याचं झालं नसतं."

नलूने टाचणी काढली आणि ती पावती माझ्यापुढे सरकवली. निवडणूक कचेरीची पावती होती, शिक्का मारलेली. दुपारी तीन वाजून चव्वेचाळीस मिनिटं. उमेदवार रसेल किमेल. दाखल केलेल्या सह्या: दोनशे सहा.

मी ती दोनदा वाचली. माझी वजा केली तरी दोनशे पाच. दुमडलेल्या अर्जाच्या खालच्या बाजूला गुरांच्या बाजारातल्या सगळ्या सह्या होत्या, दहा नव्हे, सोळा. माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा त्याचं काम झालेलं होतं.

"गरज नव्हती त्याला," नलू म्हणाली.

"नव्हती."

"मग आला कशाला?"

उत्तर तिला माझ्याकडून नको होतं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि ती रडायला लागली, आवाज न करता, बराच वेळ. पन्नास वर्षांच्या संसारात ती माझ्यासाठी अशी कधी रडलेली मला आठवत नाही. मी पावती हातात घेऊन तिच्यासमोर बसलो होतो, आणि त्या मेलेल्या माणसाचा मला पुन्हा तितकाच हेवा वाटला.